हडसन्सच्या जागी उभी राहिलेली इमारत पाहायला जावे का?

डेट्रॉइटच्या उपनगरात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि गाव गाळले आहे, मजकूरही थोडा संक्षिप्त केला आहे.

"लग्न होऊन मी १९७३ साली पुण्याहून डेट्रॉइटला आले. यजमान मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते. पहिल्या हिवाळ्यात अंगावर घालायला धड कोट नव्हता, म्हणून ते मला वुडवर्ड अव्हेन्यूवरच्या हडसन्स या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये घेऊन गेले. तळघरातल्या स्वस्त विभागातून घेतलेला तो तपकिरी कोट घरी आल्यावर खांद्यात आखूड निघाला. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दुकानोदुकानी वाचत मी लक्ष्मी रोडवर मोठी झाले, त्यामुळे कोट परत करायला जायच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही. काउंटरवरच्या बाईंनी पावतीसुद्धा नीट पाहिली नाही. त्यांनी दुसरा कोट माझ्या अंगावर चढवला, कॉलर सारखी केली आणि मफलर कोटाच्या आतून कसा घ्यायचा ते दाखवले. पुढे यजमान कामावर गेले की मी बसने तिथे जाऊ लागले. विकत काही घ्यायचे नसले तरी जात असे. मुले झाली, त्यांना डिसेंबरात बाराव्या मजल्यावरच्या खेळण्यांच्या दुनियेत नेले. मग आम्ही उपनगरात घर घेतले आणि जवळ पडते म्हणून नॉर्थलँड मॉलमधल्या हडसन्समध्ये जायला लागलो. १९८३ मध्ये वुडवर्डवरचे दुकान बंद झाले. १९९८ मध्ये सुरुंग लावून इमारत पाडली, ते टीव्हीवर दाखवत असताना मी उठून स्वयंपाकघरात गेले. आता त्याच जागी त्याच नावाची उंच इमारत झाली आहे. नात म्हणते, 'चल आजी, पाहून येऊ.' माझा पाय निघत नाही. यजमान म्हणतात, 'गेलेल्या दुकानाचे कसले सुतक पाळतेस?' मुलगी म्हणते, 'आई, ते दुकान सगळ्यांचे नव्हते. काळ्या लोकांना तिथे कोणत्या नोकऱ्या मिळत, ते एकदा वाच.' आणि माझे मन म्हणते, तूच नॉर्थलँडला जायला लागलीस, मग आता रडतेस कशाला? चाळीसहून अधिक वर्षे झाली. हे माझे वेड आहे का? मी नातीबरोबर जावे का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. जरूर जा, आणि नातीबरोबरच जा. मात्र जाण्याआधी या दुःखाचा हिशेब स्वतःशी नीट मांडून घ्या, नाहीतर त्या काचेच्या इमारतीसमोर तुम्ही जुने दुकान शोधत उभ्या राहाल आणि परतताना आणखी रिकाम्या होऊन याल. वेडाचा प्रश्न तर उद्भवतच नाही. २००६ मध्ये शिकागोच्या मार्शल फील्ड्स या जुन्या दुकानावर मेसीज या दुसऱ्या साखळीचे नाव लागले, तेव्हा स्टेट स्ट्रीटवरच्या त्या दुकानाच्या घड्याळाखाली गिऱ्हाईक निषेधाचे फलक घेऊन उभे राहिले होते. १६७० पासून चालत आलेल्या हडसन्स बे कंपनीची कॅनडातील सगळी दुकाने जून २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा शेवटच्या दिवसांत अनेकांनी केवळ निरोप घ्यायला चक्कर मारली. त्या कंपनीचा तुमच्या हडसन्सशी नावापलीकडे संबंध नाही, पण हळहळ तीच आहे.

तुमच्या यजमानांनी सुतक हा शब्द थट्टेने वापरला असेल. मला तो नेमका वाटतो. आपल्याकडे माणूस गेले की दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध अशा ठरलेल्या तिथी असतात, आणि त्या तिथींमुळे दुःखाला रडायला जागा मिळते तशी आवरायला मुदतही मिळते. हडसन्सला अशी एकही तिथी मिळाली नाही. १९६९ मध्ये कंपनी मिनियापोलिसच्या डेटन घराण्याच्या कंपनीत विलीन झाली. १७ जानेवारी १९८३ रोजी वुडवर्डवरचे दार बंद झाले, पण मॉलमधली हडसन्स तशीच चालू राहिली, म्हणजे गेले म्हणावे तर पिशवीवर नाव होते. २४ ऑक्टोबर १९९८ रोजी इमारत पडली. २००१ मध्ये उरलेल्या शाखांवर मार्शल फील्ड्सची पाटी चढली, २००६ मध्ये तीही उतरून मेसीज आले. २०१५ मध्ये तुमचे नॉर्थलँडही बंद झाले. इतक्या तुकड्यांनी गेलेल्या गोष्टीसाठी नेमके कोणत्या दिवशी रडायचे हे कुणालाच कळत नाही, म्हणून ते रडणे पुढे पुढे ढकलले जाते आणि नात "चल आजी" म्हणते तेव्हा घशाशी येते.

आता, नेमके काय गेले? हडसन्सची भव्यता सांगायची तर सांगता येते. जोसेफ लोदियन हडसन यांनी १८८१ मध्ये डेट्रॉइटच्या ऑपेरा हाउसच्या इमारतीत पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांचे दुकान थाटले. पुढे वुडवर्डवरची त्यांची इमारत एकेक भाग जोडत १९४६ पर्यंत वाढत राहिली आणि सुमारे १२५ मीटर उंचीची, २१ लाख चौरस फुटांची झाली. जगातले सर्वांत उंच डिपार्टमेंट स्टोअर म्हणून ती ओळखली जाई. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन भराच्या काळात, तिथे १२ हजार लोक कामाला होते आणि दिवसाला लाखभर गिऱ्हाईक येई, असे सांगतात. तुमच्या पत्रात मात्र यातले एकही वाक्य नाही. तुमच्या पत्रात आहे ते हे: "विकत काही घ्यायचे नसले तरी जात असे."

या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. नवी लग्न झालेली मुलगी, गाडी चालवता येत नाही, शेजाऱ्यांची ओळख नाही, बाहेर बर्फ, आणि यजमान संध्याकाळपर्यंत घरी नाहीत. अशा मुलीला आमंत्रणाशिवाय, तिकिटाशिवाय, कोणी "काय काम आहे?" असे न विचारता चार तास घालवता येतील अशी उबदार जागा त्या शहरात कुठे होती? वाचनालय होते, पण तिथे बोलायचे नसते. चर्च होते, ते तुमचे नव्हते. हडसन्समध्ये बस थांबली की आत शिरता येई, लिफ्ट चालवणाऱ्या बाई मजल्यांची नावे पुकारत वर नेत, स्वच्छतागृह असे, पाणी प्यायला मिळे, आणि कापडाचा पोत बोटांनी पाहत हिंडणाऱ्या तुमच्यासारख्याच शंभर अनोळखी बायका आजूबाजूला असत. एकोणिसाव्या शतकात युरोपात आणि अमेरिकेत अशी दुकाने उभी राहिली, तेव्हापासून त्यांनी हे एक काम न बोलता केले आहे. भर शहरात, पुरुषाच्या सोबतीशिवाय, बाईला दिवस काढता येईल अशा मोजक्या जागांपैकी ती एक होती. नफ्यासाठीच त्यांनी ही सोय ठेवली, हे उघड आहे. पण सोय खरी होती, आणि ती देण्याची जबाबदारी शहरात दुसऱ्या कोणावर नव्हती. दुकान गेले तेव्हा हे बिनपगारी काम कोणी अंगावर घेतले नाही. तुम्हाला जी उणीव भासते ती याची आहे, असे मला वाटते.

कोणी म्हणेल की हे दुःख दुकानाचे नाहीच, तुमच्या तरुणपणाचे आहे. असे सांगणाऱ्याला फारसा विचार करावा लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही बरे वाटते, पण मला ते पटत नाही. तरुणपण नॉर्थलँडमध्येही गेले, मुले तिथेही वाढली, तरी तुमच्या सबंध पत्रात नॉर्थलँडच्या वाट्याला एक ओळ आली आहे. माल तोच, नाव तेच, विक्रेत्यांची रीत तीच असूनही मॉलमधले हडसन्स तुम्हाला आठवत नाही. तिथे तुम्ही गाडीतून उतरून यादीप्रमाणे वस्तू घेऊन परत येत होता. वुडवर्डवर तुम्ही शहरात जात होता. हा फरक तुमच्या मनाने चाळीस वर्षे अचूक जपला आहे, त्याला हळवेपणा म्हणून मोडीत काढू नका.

आता तुमच्या मनातल्या टोचणीकडे वळते. तुम्ही नॉर्थलँडला गेलात म्हणून वुडवर्डवरचे दुकान मेले का? नॉर्थलँड बांधले कोणी, हे तुम्हाला माहीत असेलच: ते हडसन्सनेच बांधले. वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन यांच्या आराखड्यावर १९५४ मध्ये ते उघडले, आणि तीनच वर्षांत, १९५७ मध्ये, पूर्वेकडे ईस्टलँड आले. तुम्ही पुण्यात शाळेत जात होता तेव्हाच कंपनीने पाहिले होते की गिऱ्हाईक शहराबाहेर निघाले आहे, आणि तीही त्याच्यामागे निघाली होती. १९५० मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, १९८० मध्ये ती बारा लाख राहिली आणि २०२० मध्ये ६ लाख ३९ हजारांवर आली. लोक आपोआप उठून गेले नाहीत. १९३०च्या दशकापासून घरकर्जाला केंद्र सरकारची हमी मिळू लागली ती मुख्यतः नव्या, गोऱ्या वस्त्यांना, आणि कृष्णवर्णीय किंवा मिश्र वस्त्या धोक्याच्या म्हणून नकाशावर लाल रंगवल्या गेल्या. एट माइल रोडजवळ १९४१ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाने कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून सुमारे सहा फूट उंचीची आणि अर्धा मैल लांबीची भिंत घातली, कारण ती घातल्याशिवाय पलीकडच्या त्याच्या घरांना कर्जहमी मिळत नव्हती. ती भिंत आजही उभी आहे. पाठोपाठ द्रुतगती महामार्ग आले. हेस्टिंग्ज स्ट्रीटवरची कृष्णवर्णीयांची गजबजलेली बाजारपेठ क्रायस्लर फ्रीवेखाली गेली आणि उपनगरातून शहर ओलांडून जाणे सोपे झाले, शहरात थांबण्याचे कारण मात्र उरले नाही.

उपनगरात अजूनही कोणी तुम्हाला सांगेल की १९६७ मध्ये शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीत पेटलेल्या दंगलीने हडसन्स संपवले. ही समजूत आपल्या मराठी मंडळींतही पसरलेली मी ऐकली आहे, आणि ती नुसती अपुरी नाही, अन्यायकारकही आहे. नॉर्थलँड त्या दंगलीच्या तेरा वर्षे आधीचे आहे. शहराची लोकसंख्या घटू लागून तोपर्यंत दीड दशक उलटले होते. वुडवर्डवरचेच दुसरे मोठे दुकान, कर्न्स, १९५९ मध्ये बंद पडले होते. ज्यांच्या वस्त्या उठवल्या त्यांच्याच माथी शहर बुडवल्याचा दोष मारणे फार सोयीचे आहे. नातीला तुम्ही या तारखा सांगितल्यात तर तेवढ्यानेही बरेच काम होईल.

म्हणजे तुमचा वाटा किती? शून्य आहे असे मी म्हणणार नाही, कारण ते तुम्हालाही पटणार नाही. कंपनीतल्या सहकाऱ्यांनी जे गाव सुचवले, जिथे शाळा चांगल्या आणि कर्ज सुलभ होते, तिथे तुम्ही घर घेतले, आणि त्या हजारो कुटुंबांच्या ओघात तुमचेही एक कुटुंब होते. पण ओघाची दिशा तुम्ही ठरवली नव्हती, आणि १९७३ मध्ये तुम्ही विमानातून उतरलात तेव्हा बहुतेक निर्णय होऊन गेले होते. एवढा वाटा मान्य करा आणि तिथे थांबा. स्वतःला त्याहून मोठी शिक्षा देण्यात अर्थ नाही.

मुलीचे म्हणणे खरे आहे, आणि ते तिला तोंडाने सांगा. अनेक दशके हडसन्समध्ये कृष्णवर्णीयांना मिळणारे काम प्रामुख्याने लिफ्ट चालवण्याचे, साफसफाईचे, मालाची ने-आण करण्याचे होते. काउंटरमागे उभे राहून गोऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट चढवण्याचे काम त्यांना मिळत नसे, आणि ते मिळावे म्हणून डेट्रॉइट अर्बन लीगसारख्या संस्थांना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला. तुमच्या कोटाची कॉलर सारखी करणाऱ्या बाई गोऱ्या होत्या की कृष्णवर्णीय, हे तुम्ही लिहिलेले नाही. मुलीशी बोलताना ते आठवून सांगा, कारण १९७३ मध्ये त्या जागी कोण उभे होते यामागे एका मोठ्या लढ्याचा इतिहास आहे.

पण मुलीने एक पाऊल पुढे जावे असेही मला वाटते. वुडवर्डवरचे दार बंद झाले तेव्हा कोणाचे किती गेले, ते पाहा. तुम्हाला, मला, गाडी असलेल्या कोणालाही त्याच दुकानाचा तोच माल मॉलमध्ये मिळत होता. शहरात राहणाऱ्या, बसवर अवलंबून असलेल्या कुटुंबांना नव्हता. क्राउलीजचे डाउनटाउनमधले दुकान १९७७ मध्ये आधीच मिटले होते, त्यामुळे १९८३ नंतर अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यभागी मोठे डिपार्टमेंट स्टोअर उरलेच नाही. अशा दुकानाच्या गर्दीवर आजूबाजूचे बूट दुरुस्त करणारे, चष्मेवाले, जेवणाची छोटी दुकाने जगत असतात. मोठे दार मिटले की त्यांच्याही पायऱ्या ओस पडतात, मग रस्त्यावर संध्याकाळी दिवा राहत नाही, दिवा नाही म्हणून माणूस येत नाही. म्हणजे ज्यांना त्या काउंटरमागे उभे राहायला सर्वांत उशिरा मिळाले, त्यांच्याच हातून ते आधी निसटले. डेट्रॉइटमधल्या कितीतरी कृष्णवर्णीय घरांतही हडसन्सची आठवण निघते, आणि त्या आठवणीत डिसेंबरातल्या खिडक्यांचे अप्रूप आणि अपमान ही दोन्ही एकाच दमात येतात. त्यांना जर दोन्ही एकत्र धरता येतात, तर तुम्हाला आणि तुमच्या मुलीलाही धरता येतील. तिच्याशी वाद घालू नका. "तू म्हणतेस ते खरे आहे, आता माझे ऐक," एवढेच म्हणून कोटाची हकिकत सांगा, आणि तिलाही बरोबर चल म्हणा.

इमारत पाडतानाचे दृश्य तुम्ही पाहिले नाही, यात काही चुकले नाही. पंधरा वर्षे ती रिकामी उभी होती. तिचा दुसरा काही उपयोग करावा असे म्हणणारे नागरिक होते, पण महापौर डेनिस आर्चर यांच्या कारकिर्दीत ती पाडण्याचा निर्णय झाला. तोवर सुरुंगाने पाडलेली ती सर्वांत उंच इमारत ठरली. धुळीचा लोट सगळ्या डाउनटाउनवर पसरला आणि ढिगाऱ्याने शेजारच्या पीपल मूव्हर रेल्वेचा मार्गही मोडला. माझ्या मते पाडण्याहून वाईट ते पुढचे. तिथे जमिनीखाली वाहनतळ झाला आणि वर जवळजवळ वीस वर्षे काहीच झाले नाही. त्या जागी लगेच काही उभे राहिले असते, तर आवडते न आवडते असे काहीतरी तुम्हाला म्हणता आले असते. रिकाम्या चौकाबद्दल काय म्हणणार?

डिसेंबर २०१७ मध्ये नव्या इमारतीचे काम सुरू झाले. तिचा मनोरा सुमारे २०७ मीटर उंच आहे, शहरात रेनेसान्स सेंटरच्या मधल्या मनोऱ्यानंतर त्याचाच क्रमांक लागतो, आणि जनरल मोटर्सने आपले मुख्यालय तिथे नेण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. नाव हडसन्सच ठेवले आहे. हे नाव तिथे असावे की नसावे, यावर तुमच्यासारख्यांची मते दोन्ही बाजूंनी तीव्र असतील. माझे मत असे की नाव घेतले तर त्याबरोबर ते काम घेण्याची जबाबदारीही येते. म्हणून तिथे गेल्यावर वर पाहण्याआधी खाली पाहा. रस्त्यावरून कोणालाही आत येता येते का, काही विकत न घेता बसायला बाक आहे का, स्वच्छतागृह विचारले तर दाखवतात का, आणि बसमधून उतरलेली, इंग्रजी अडखळत बोलणारी एखादी मुलगी तिथे दोन तास बसली तर पहारेकरी तिला उठवेल का. नातीला हे प्रश्न आधी सांगून ठेवा आणि तिलाच उत्तरे शोधू द्या. उत्तर निराशेचे निघाले, तर निदान तुम्हाला काय हवे होते ते शब्दांत सापडेल.

जाताना थेट तिथे जाऊ नका. आधी मिडटाउनमधल्या डेट्रॉइट हिस्टॉरिकल म्युझियममध्ये जा, म्हणजे नातीला जुने शहर डोळ्यांसमोर दिसेल आणि तुम्हालाही बोलायला निमित्त मिळेल. तिथून वुडवर्डवरून डाउनटाउनकडे क्यूलाइन ही ट्राम जाते, तिला तिकीट लागत नाही. गाडी म्युझियमपाशीच ठेवून ट्रामनेच जा. वुडवर्डवरून खाली उतरत त्या चौकात पोहोचणे तुमच्या पायांच्या ओळखीचे आहे, वाहनतळातून लिफ्टने वर येणे नाही. समोरच्या बाजूला कर्न्सचे जुने घड्याळ पुन्हा उभारलेले आहे. एके काळी लोक एकमेकांना "घड्याळाखाली भेटू" म्हणत, ते हेच. मुलगी परस्पर येणार असेल तर तिला तिथे बोलवा.

नॉर्थलँडची एक गोष्टही बघून या. तिथे मार्शल फ्रेडरिक्स यांचे अस्वल आणि मुलाचे शिल्प होते, ज्यावर चढण्यासाठी मुले भांडत असत. मॉल बंद झाल्यावर ते नाहीसे झाले नाही, साउथफील्डच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवले आहे. तुमची मुलेही त्यावर बसली असतील. हडसन्सने १९२४ मध्ये सुरू केलेली थँक्सगिव्हिंगची मिरवणूकही अजून दरवर्षी त्याच वुडवर्डवरून निघते. यंदा टीव्हीवर न पाहता, थंडी सोसेल एवढा वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहा.

आणखी एक काम सुचवते, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आजही पुण्या-नाशिकहून लग्न होऊन मुली तुमच्या परिसरात येतात. कित्येकींचा व्हिसा एच-४ असतो, आल्या आल्या नोकरी करता येत नाही, नवरा ऑफिसात, आणि भाड्याच्या घराभोवती बर्फ. मंडळाचा गणपती आणि दिवाळी वर्षातून एकेकदाच येते, फोनवर आईशी रोज बोलून होते, पण मंगळवारी सकाळी अकरा वाजता जायचे कुठे, हा प्रश्न १९७३ मध्ये होता तसाच आहे. तुमच्या गावच्या वाचनालयात आठवड्यातला एक सकाळचा तास ठरवून घ्या. बहुतेक वाचनालये बैठकीची खोली देतात. कार्यक्रम ठेवू नका, पदाधिकारी नेमू नका, वर्गणी घेऊ नका. कोणी आले तर बसावे, कंटाळा आला तर जावे, एवढेच असू द्या. पहिल्या थंडीच्या आधी एखादीला कोट घ्यायला सोबत न्या. तिने तीन कोट घालून पाहिले आणि एकही घेतला नाही तरी घाई करू नका.

यजमानांना जबरदस्तीने नेऊ नका. त्यांना फक्त विचारा की त्या पहिल्या शनिवारी की रविवारी, जो कोणता वार असेल तो, तुम्हाला तिथेच न्यावे असे त्यांना कोणी सुचवले होते. तुम्हाला त्या दुकानात पहिल्यांदा त्यांनीच नेले, आणि परदेशात नुकत्याच आणलेल्या बायकोला थंडी वाजते आहे याची काळजी त्या दिवशी त्यांनाही होती. उत्तर देताना ते "सुतक" हा शब्द पुन्हा वापरतील असे मला वाटत नाही.

ऑक्टोबर संपायच्या आत जाऊन या, नंतर नदीवरून येणारा वारा त्या चौकात उभे राहू देत नाही. आणि आत बसायला जागा मिळाली की नाही, ते मला अवश्य कळवा.